निघतो म्हणणारे मामा

आमचे मामेसासरे आयुष्यात एकदाही खोटं बोललेले नाहीत, आणि याचं श्रेय त्यांच्या संस्कारांना किंवा देवभक्तीला नसून इंग्रजी क्रियापदाच्या काळांना आहे. माणसं सत्यापर्यंत निरनिराळ्या वाटांनी पोचत असतील; मामा व्याकरणातून पोचले, आणि पोचल्यावर त्यांनी तिथेच बिऱ्हाड केलं. माझ्या नवऱ्याचे, अरविंदचे, ते सख्खे मामा. कल्याणच्या एका मराठी शाळेत निवृत्त होईपर्यंत त्यांनी इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर वर्तकनगरातल्या आमच्या वसाहतीत, तळमजल्यावरच्या ज्या खोलीत गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि सार्वजनिक सतरंज्या ठेवलेल्या असतात, तिथे त्यांनी रोज संध्याकाळी फुकट वर्ग सुरू केला. कुणीही यावं, कोणत्याही वयात यावं, फक्त चपला दाराबाहेर आणि खोटी वाक्यंही दाराबाहेर काढून यावं, एवढीच अट.

खोट्या वाक्यांची अट गमतीची नव्हती. उदाहरण म्हणून फळ्यावर लिहायचं वाक्यसुद्धा खरंच असलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या आंबा खाणाऱ्या रामावर त्यांचा विशेष राग होता. "कोण हा राम? याला आंबा दिला कुणी? आणि हा खात असताना बाकीची पोरं काय नुसती बघत बसली?" असं ते विचारायचे. शाळेत असताना म्हणे एप्रिलच्या अखेरीस ते पिशवीत आंबा घेऊन वर्गावर जात. खाता खाता म्हणत, "आय ॲम ईटिंग अ मँगो." कोय वर धरून म्हणत, "आय हॅव ईटन अ मँगो." पोरांचा जीव नुसता वरखाली होई. पुढे पूर्ण भूतकाळाची वेळ आली तेव्हा मात्र पंचाईत झाली, कारण त्या काळाला एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी लागतात आणि मामांपाशी एकच आंबा होता. त्यांनी वर्गाच्या मॉनिटरला मुख्याध्यापकांना बोलवायला पिटाळलं. कुणीतरी जिन्यावरून पडलं अशा समजुतीने मुख्याध्यापक धावत आले, तेव्हा मामा रुमालाने तोंड पुसत फळ्यावर लिहीत होते, "आय हॅड ईटन द मँगो बिफोर द हेडमास्टर केम." काय झालं म्हणून विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "काही नाही सर. तुम्ही आलात, वाक्य पुरं झालं. आता गेलात तरी चालेल." मुख्याध्यापक यावर रागावले नाहीत, दुसरा आंबा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं, असं मामा सांगतात, आणि मामा सांगतात म्हणजे ते तसंच झालेलं असणार.

आमच्या वसाहतीतल्या वर्गात रिक्षावाले भोईर होते. माजिवड्याच्या नाक्यावर त्यांना कधीमधी परदेशी गिऱ्हाईक मिळे आणि त्याच्याशी नुसतं मान हलवून बोलायचा त्यांना कंटाळा आला होता. शिवाय एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसणारी सुजाता होती. बाकी माणसं येत-जात असायची, हे दोघं मात्र कायमचे. साध्या वर्तमानकाळाच्या दिवशी भोईरांनी उत्साहाने वाक्य ठोकलं, "आय गेट अप ॲट फाइव्ह एव्हरी डे." मामांनी ते लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता ते भोईरांच्या खिडकीखाली हातात टॉर्च घेऊन उभे राहिले. खिडकी उघडायला बराच वेळ लागला. डोळे चोळत भोईर म्हणाले, "सर? कोण गेलं काय?" मामा म्हणाले, "कुणी नाही. एव्हरी डे तपासतोय." तेव्हापासून भोईर खरोखरच पाचला उठतात. वाक्य खोडण्यापेक्षा उठणं सोपं पडलं, असं ते स्वतःच म्हणतात.

भूतकाळ मामांना आवडायचा, कारण त्यात आपल्याला काही करायचं उरत नाही. खरी दगदग होती भविष्यकाळाची. फळ्यावर "आय शॅल गो टू कल्याण टुमॉरो" असं एकदा लिहिलं, की दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून मामा कल्याणला निघालेच. काम काही नसायचं. नोकरीत रोज कल्याणला जायची सवय असल्यामुळे हात आपोआप कल्याणच लिहून जाई, आणि मग पायांना जावं लागे. एकदा त्यांनी भरीला भर म्हणून "आय शॅल बाय फ्लॉवर्स" असंही लिहिलं. कल्याणच्या घाऊक बाजारात मूठभर फुलं कोण देतो? दसरा नाही, दिवाळी नाही आणि मामा झेंडूची अख्खी गोण घेऊन रिक्षातून उतरले. चार दिवस आमच्या वसाहतीतले सगळे देव झेंडूत गळ्यापर्यंत बुडालेले होते.

मामींनी मात्र या वेडाचा उपयोग करून घेतला. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण कोणत्या दिवशी कोणता काळ शिकवायचा आहे याची त्यांना बरोबर खबर असायची. भविष्यकाळाच्या दिवशी दुपारी चहा देताना त्या सहज विचारत, "आज वाक्यं कुठली घेणार? मिक्सर दुरुस्तीला टाकायचा राहिलाय म्हणून आपलं विचारलं." संध्याकाळी मिक्सर फळ्यावर यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुकानात. सुजातालाही हे गुपित कळलं. तिने एकदा अगदी भोळा चेहरा करून विचारलं, "सर, 'शॅल ब्रिंग' कसं वापरायचं? म्हणजे, समजा, जिलेबीचं?" मामांच्या लक्षात आलं तोवर वाक्य लिहून झालं होतं. दुसऱ्या दिवशी जिलेबी आली. पूर्ण भविष्यकाळाचं प्रकरण तर मामी अजून विसरलेल्या नाहीत. गुढीपाडव्यापर्यंत मी गॅलरीचा कठडा रंगवलेला असेन, अशा अर्थाचं वाक्य मामांनी महिनाभर आधी लिहून ठेवलं, आणि पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना त्याची आठवण झाली. त्यांनी कठडा रंगवला, वाक्य खरं केलं, पण सकाळपर्यंत रंग काही सुकला नाही. त्याच कठड्याला गुढी बांधली. मामींच्या लग्नातल्या शालूच्या काठावर आजही एक हिरवा पट्टा आहे. मामा तो पाहुण्यांना दाखवतात. मामी तो झाकतात.

एवढं सगळं चालायचं. घरोघरी अशी काही ना काही खोडी असतेच म्हणून मामी सोडून द्यायच्या. एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागलेली होती. आपल्याकडे घराबाहेर पडताना कुणी जातो म्हणत नाही. येतो म्हणतात, आणि घरातलं माणूस या म्हणतं. मामा येतो म्हणत नसत. ते म्हणत, "निघतो." शाळेला जाताना निघतो, बाजारात जाताना निघतो, लग्नघरातून परतताना यजमानांना हात जोडून निघतो. अशुभ बोलू नये म्हणून मामींच्या सासूबाईंनी सांगून पाहिलं, मामींनी अबोला धरून पाहिला. उपयोग झाला नाही. मामी मला एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून रोज हे घरातून नुसते निघतात. परत आले की कळतं, आले बाई." मी त्यांच्याबरोबर हसले होते, पण त्या फारशा हसत नव्हत्या.

यामागे काही दुःखाची कथा असेल, लहानपणी कुणी येतो म्हणून गेलं आणि आलं नाही असं काही झालं असेल, असं मला वाटायचं. मी पुस्तकं वाचणारी बाई, शिवाय नोकरीही कॉलेजच्या ग्रंथालयात. मला अशा कथा सुचतात. मी मामांना विचारलंसुद्धा. तसं काही नव्हतं. सुजाताने हेच वर्गात जरा वकिली थाटात काढलं. कल्याणला जाईन असं बिनधास्त लिहिता सर, तेही कुठे आपल्या हातात असतं, मग येईन म्हणायला काय हरकत? मामांनी खडू खाली ठेवला आणि जरा विचार करून म्हणाले, "मी कल्याणला गेलो नाही तर कल्याणचं काही अडत नाही. येतो म्हटलं की घरात कुणीतरी दाराकडे बघत बसतं. तिथे चूक झालेली चालत नाही." हे उत्तर मी त्यांच्या घरी जाऊन मामींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दाराकडे तर मी तशीही बघतच असते."

अरविंदला जाऊन आता दोन वर्षं होऊन गेली. त्या दिवसांत घरी खूप माणसं आली, आणि प्रत्येकाने काहीतरी चांगलं सांगितलं. आता मला त्यातलं काही आठवत नाही. मामा यायचे, अरविंदच्या पुस्तकांच्या कपाटासमोरच्या खुर्चीत बसायचे, पाणी प्यायचे आणि निघतो म्हणून निघायचे. तेराव्यानंतर काही दिवसांनी मात्र उठता उठता म्हणाले, "सूनबाई, साडेसहाला वर्ग असतो. तुला इंग्रजी येतं, तेव्हा शिकायचं काही नाही. फळा पुसायला माणूस नाहीये." मी दुसऱ्या दिवसापासून फळा पुसायला जाऊ लागले. माणसाने दुःखात काय करावं यावर मी बरंच वाचलेलं आहे. फळा पुसावा असं कुठे वाचलं नव्हतं. पण ओलं फडकं पिळायचं, वरून खाली पुसायचं, आणि फळा सुकेपर्यंत कुणीही काही बोलायचं नाही, असं ते काम होतं. मला ते पुरलं.

गेल्या हिवाळ्यात जिना चढताना मामांना दम लागायला लागला. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. तपासण्या झाल्या, हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि दिवसही ठरला. मामा बिलकूल घाबरले नाहीत, निदान तसं दाखवलं नाही. डॉक्टर 'वी विल सी' म्हणाले याचं त्यांना फार कौतुक वाटलं. हा मनुष्य जबाबदारीने बोलतो, म्हणाले. मामीही रडल्या-बिडल्या नाहीत. मी भाजी घेऊन गेले तेव्हा ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "बाकीचं डॉक्टर बघतील. माझं एकच आहे. या खेपेला तरी दारातून निघतो म्हणून जाऊ नयेत. एकदा येतो म्हणू देत, मला एकदा या म्हणू देत. नंतर काय व्हायचं ते होवो." मी मामांशी बोलावं असं त्या म्हणाल्या नाहीत. पण भाजी निवडायला मला बसवून घेतलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही, यावरून मला जे समजायचं ते समजलं.

शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी वर्ग होताच. मामांनी फळ्यावर लिहिलं, उद्यापासून वर्ग बंद राहील. भोईर म्हणाले, "सर, बंदचं लिवलंत. चालू कधी ते पण लिवा की." मामा खडू हातात घेऊन उभे राहिले. लिहिलं तर खरं करावं लागणार, आणि या वेळी ते त्यांच्या पायांत नव्हतं. तेवढ्यात दारात मामी दिसल्या. गुडघ्यांमुळे त्या महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. त्या दिवशी कठडा धरून तीन मजले उतरून आल्या होत्या, आणि हातात मामांचा मफलर होता, जणू तेवढ्यासाठीच आल्या. फळ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मला इंग्रजी वाचता येत नाही. पण इतकी वर्षं कांदेबटाटे, मिक्सर, जिलेबी सगळं लिहिलंत. माझं एक वाक्य लिहायला काय होतं?" मामा हळूच म्हणाले, "ते माझ्या हातात नाही गं." मामींनी मफलर टेबलावर ठेवला आणि सुजाताचा हात धरून जिना चढायला लागल्या. भोईरही उठले.

मी फडकं ओलं करून आणलं. मामा खुर्चीत बसून होते. फळा पुसता पुसता, त्यांच्याकडे पाठ असल्यामुळे असेल, मला बोलता आलं. मी म्हटलं, "मामा, रुग्णालयात आत नेताना अरविंद येतो म्हणाला होता."

"माहीत आहे. मी तिथेच होतो."

"ते खोटं नव्हतं."

मी फडकं पुन्हा पिळलं.

"त्याला यायचं होतं. तो तेवढंच सांगत होता, आणि ते खरं होतं. मी ये म्हटलं. ते तो म्हणाला नसता, तर आज माझ्यापाशी काय असतं?"

मी फळा दोनदा पुसला असेन. मग मामा म्हणाले, "वरचा कोपरा राहिलाय." खरंच राहिला होता. तो मी पुसला, त्यांनी मफलर गळ्यात घातला आणि दिवा बंद केला.

सकाळी भोईर रिक्षा घेऊन खाली उभे होते. मामांची डोंबिवलीची लेक दुसऱ्या दिवशी येऊन मामींना रुग्णालयात घेऊन जाणार होती, त्या दिवशी मामांबरोबर मी जायचं असं ठरलं होतं. मामींनी मामांच्या तळहातावर दही घातलं, त्यांनी ते खाल्लं, देवाला नमस्कार केला, चपला घातल्या. दारात उभे राहून म्हणाले, "निघतो." मामींनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, आणि मला तिकडे फार वेळ बघवलं नाही. मी पिशवी घेऊन मामांच्या मागे जिना उतरायला लागले.

एक मजला उतरल्यावर मामा थांबले. मला वाटलं दम लागला. त्यांनी खिसे चाचपले, काही विसरलंय म्हणाले. मी आणते म्हटलं, तर तुला सापडायचं नाही म्हणाले आणि वळून चढायला लागले. डॉक्टरांनी जिना चढायला सक्त मनाई केली होती. प्रत्येक पायरीवर थांबत, कठडा धरत ते वर गेले, मी मागून हात तयार ठेवून. मामी दारातच होत्या, तशाच. मामा त्यांच्याकडे न बघता उंबरठ्याकडे बघून म्हणाले, "येतो गं."

मामी आधी रागावल्याच. "एवढं म्हणायला परत चढून आलात? डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?" असं म्हणता म्हणता त्यांनी पदराने त्यांच्या हनुवटीला लागलेलं दही पुसलं. मग जरा थांबून, इतकी वर्षं साठवून ठेवलेलं काहीतरी जपून बाहेर काढावं तशा आवाजात म्हणाल्या, "या."

रिक्षा माजिवड्याला सिग्नलपाशी थांबली तेव्हा मामा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आता यायलाच लागेल." भोईर आरशातून बघत म्हणाले, "सर, रिटर्न मीच आणणार. आय शॅल." मामा म्हणाले, "पुढे बघून चालवा."

आणि ते आले. शुद्धीवर आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी एका परिचारिकेने त्यांना समजूत घालायला म्हणून सांगितलं, "डोन्ट वरी अंकल, यू आर गोइंग होम टुमॉरो." दुसऱ्या दिवशी सकाळपासून मामा चपला घालून पलंगाच्या कडेला बसून राहिले. डॉक्टर म्हणाले अजून दोन दिवस राहावं लागेल. मामा म्हणाले, तुमच्या बाईंनी वाक्य केलेलं आहे. ती बिचारी मुलगी त्यानंतर त्यांच्याशी फक्त हो आणि नाही एवढंच बोलायची. दोन दिवसांनी भोईरांच्या रिक्षातून ते परत आले. एकेका मजल्यावर खुर्ची ठेवून त्यांना वर नेलं. मामी दारातच होत्या. "आलात," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

येतो म्हणण्याची मामांना आता इतकी गोडी लागली आहे की मामी वैतागतात. खाली पेपर आणायला जाताना येतो, गॅलरीत कपडे काढायला जाताना येतो. परवा मामी म्हणाल्या, "अहो, अंघोळीला जाताना कशाला? मला किती वेळा या म्हणायला लावाल?" पण म्हणतात. प्रत्येक वेळी म्हणतात. वर्गही सुरू झाला आहे. मामा खुर्चीत बसून सांगतात आणि फळ्यावर मी लिहिते, पुसतेही मीच. भविष्यकाळाच्या वाक्यांत हल्ली कल्याण येत नाही. कोपऱ्यावरचं दुकान येतं, फार तर समोरच्या इमारतीपर्यंतचा फेरा येतो. मध्ये एकदा भोईरांनी मुद्दाम विचारलं, "सर, कल्याणचं नाय लिवायचं?" मामा म्हणाले, "कल्याण भूतकाळात टाकलं." सगळे हसले, मामाही हसले, आणि मी पाठमोरी होते तेच बरं होतं.

दुपारचे ते कधीकधी माझ्याकडे येतात. माझं घर तळमजल्यावर आहे ते बरं, म्हणतात. अरविंदच्या कपाटासमोर बसतात, एखादं पुस्तक काढून चाळतात, पाणी पितात. मग हळूहळू उठतात, दाराच्या चौकटीला हात टेकवून चपला घालतात आणि म्हणतात, "येतो, सूनबाई." त्यांचं घर पलीकडच्याच इमारतीत आहे. तरी ते अंगण ओलांडून जिन्याशी पोचेपर्यंत, आणि तिसऱ्या मजल्यावरून मामींचा आवाज येईपर्यंत, मी दार लावत नाही.

"या," मी म्हणते.